जुन्या दगड-मातीच्या घराची कौलं काढून पत्रा टाकावा का? फायदा काय?

तुम्ही लिहिलंय की पन्हाळा तालुक्यात आजोबांच्या वेळचं दगड-मातीचं घर आहे, छप्पर साधारण ६०० चौरस फूट, वर मंगलोरी कौलं. दर मे महिन्यात कौलं परतूनही सोप्यात गळतं. तुमच्या मनात स्लॅब आहे, गवंडी पत्रा सुचवतोय आणि घरातली वडीलधारी म्हणतात, "पत्रा गोठ्याला असतो, घराला नाही."

मी कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं काम करतो, छपरं हेच रोजचं काम. माझं मत विचाराल तर पत्राच टाका. गळती थांबेल, कौलं परतायचा दरवर्षीचा खर्च आणि माकडांचा त्रास संपेल, हे आहेच. पण मी पत्रा म्हणतोय तो तुमच्या भिंतींसाठी.

मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात. म्हणजे आज तुमच्या घरावर नुसत्या कौलांचं वजन सव्वादोन ते अडीच टन आहे. पावसात कौल पाणी पितं, तेव्हा त्याहून जास्त. तेवढ्याच जागेवर पाच इंची स्लॅब टाकला तर १७ टनांच्या पुढे जाईल. ०.५० मिलिमीटरचा पत्रा मात्र सगळा मिळून अडीचशे-तीनशे किलो. लोखंडी कैच्या आणि पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) धरल्या तरी टनाच्या आसपास थांबतं. मातीत रचलेली दगडी भिंत सरळ खाली येणारं वजन पेलते, आडवा धक्का तिला सोसत नाही. आणि भूकंपात हा आडवा जोर छपराच्या वजनाप्रमाणे वाढतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात काय झालं ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कोयना आपल्यापासून काही फार लांब नाही. अशा भिंतींवर, खालून आरसीसीचे कॉलम न घेता स्लॅब टाकायचा विचार कृपा करून सोडून द्या.

आता याचीच दुसरी बाजू, जी दुकानदार सांगत नाही. कौलारू छप्पर स्वतःच्या वजनानं जागेवर बसतं. पत्र्याला धरून ठेवावं लागतं. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वारा वळचणीखाली शिरतो आणि छप्पर वर उचलतो, पडवी उघडी असेल तर जास्तच. म्हणून भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सळई घालून काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या आणि कैच्यांचे बोल्ट त्यातच पक्के करा. नुसते दगडाच्या सांध्यात ठोकलेले बोल्ट मातीबरोबर निघून येतात. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरचे. वळचणीला आणि मोढाला (छपराच्या माथ्याला) प्रत्येक उंचवट्यावर एक. वॉशर चपटा होऊन बाहेर येईपर्यंत आवळायचा नाही, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत रबर चिरतं आणि गळती तिथूनच सुरू होते.

पत्रा घेताना रंगाआधी दोन आकडे विचारा: जाडी आणि गंज रोखणारा मुलामा. गॅल्व्हल्यूम नावाच्या पत्र्याच्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन. 'एझेड १५०' म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा. आपल्या पश्चिम भागातल्या पावसाला याहून कमी घेऊ नका. जाडी मायक्रोमीटरनं मोजून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये तो मिळेल. बिलावर ०.५० आणि हातात ०.४५ असं होतं.

काम चालू असताना समोर उभे राहा. पत्रा ग्राइंडरनं कापला की ठिणग्या रंगात रुततात आणि बारीक लोखंडी बुरा पन्हाळीत साचतो. पहिल्या पावसात तिथं तांबूस ठिपके उठतात आणि मग मालक म्हणतो, पत्रा हलका निघाला. कात्रीनं कापायला सांगा आणि रोज संध्याकाळी बुरा मऊ झाडूनं झाडून घ्या. छप्पर भिंतीला भिडतं तिथं गवंडी सवयीनं सिमेंट थापतो, तेही थांबवा. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमचा मुलामा खातं. तिथं पत्र्याचीच पट्टी वाकवून सीलंट लावायचं. घराला लागून गोठा असेल तर तेवढ्या भागावर गॅल्व्हल्यूम नको. शेणा-मुताच्या वाफेत तो टिकत नाही, तिथं जाड जस्ताचा जीआय पत्रा घाला आणि हवा खेळती ठेवा.

उकाडा आणि पावसाचा आवाज या तक्रारी नुसत्या पत्र्याच्या बाबतीत खऱ्या आहेत. पांढरा किंवा फिकट राखाडी रंग घ्या (विटकरी कौलासारखा दिसतो म्हणून सगळे तोच मागतात, पण तो तापतो जास्त), खाली ग्लासवूल आणि सिलिंग करा, मोढाजवळ गरम हवेला वाट ठेवा. बजेट असेल तर पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं तयार पॅनेल. स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, पत्रा दिवस मावळला की लवकर निवतो.

वीज पत्र्याकडे ओढली जाते ही भीती काढून टाका. खरा धोका घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचा आहे. ती पत्र्याला घासत राहिली आणि सोलली तर सगळं छप्पर करंट मारतं. वायर पाइपातून घ्या, लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्या, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. यात काटकसर नको.

पन्हाळ मोठी करा. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो तुमच्याकडे जुलैत नवल नाही, तर या छपरावरून साडेपाच हजार लिटर पाणी उतरतं. मातीच्या भिंतीच्या पायाशी ते पडता कामा नये. टाकीत घेतलंत तर उत्तमच, पत्र्यावरचं पाणी कौलापेक्षा स्वच्छ येतं.

काम दिवाळी झाली की काढा आणि मार्चच्या आत संपवा. एप्रिलात वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि उघड्या घराच्या मातीच्या भिंती एकदा भिजल्या की पोट काढतात. कौलं वरून फेकू देऊ नका, हातोहात उतरवून रचून ठेवा. गावात अजून कौलारू घरं असतील, जुन्या साच्याला जुळणारं कौल आता सहज मिळत नाही, लोक शोधत येतात.