बर्फाला पांघरूण कशाला?

प्रश्न : बाई, आमच्या गावच्या यात्रेत गोळेवाले काका बर्फाची लादी भुशात पुरतात आणि वर गोणपाट टाकतात. मी म्हटलं, एवढं पांघरूण घातल्यावर बर्फाला उकडेल आणि तो लवकर वितळेल. काका नुसते हसले. आजी म्हणते, गोणपाट थंडी धरून ठेवतं. खरं काय?
– इयत्ता सातवी, सातारा जिल्हा

उत्तर : ‘बर्फाला उकडेल’ हे वाचून मीही हसले, पण तुझी शंका अगदी रास्त आहे. गोणपाट अंगावर घेतलं की आपल्याला उकडतं, मग बर्फाला का नाही?

आधी एक कर. थंडीच्या दिवसांत रात्रभर कुणी न वापरलेल्या गोधडीच्या घडीत सकाळी हात घाल. गारच लागेल. गोधडीत ऊब नसतेच मुळी. चूल आपल्या पोटात पेटलेली असते, गोधडी फक्त तिची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या पोटात चूल नाही. त्याच्यासाठी ऊन, तापलेली हवा आणि गाड्याचा तापलेला पत्रा, सगळी उष्णता बाहेर आहे. तीच गोधडी तिथे ती आत येऊ देत नाही. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. आतून बाहेर की बाहेरून आत, याच्याशी पांघरुणाला देणंघेणं नाही.

म्हणजे आजीची कृती बरोबर, कारण तेवढं चुकलं. धरून ठेवायला थंडी नावाची वस्तूच नसते. (हे आजीला जरा बेतानं सांग.)

आता भुसाच का? भुशाच्या कणांमध्ये हवा अडकून बसते. हिंडायला जागा नसलेली हवा उष्णता पुढे पोचवण्यात फार आळशी असते. पाणी तिच्या वीसपटींहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं आणि तांबं तर हजारो पटींनी. वरचं गोणपाट ऊन आणि गरम वारा थेट बर्फाला लागू देत नाही. तुमच्या पुस्तकातले वहन (उष्णता स्पर्शातून येणं), अभिसरण (वाहत्या हवेबरोबर येणं) आणि प्रारण (उन्हासारखं किरणांतून येणं) हे तिन्ही चोर काकांनी असे दारातच अडवले आहेत.

बर्फही तसा चिवट असतो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात 20 अंशांचं एक लिटर पाणी उकळीला येतं. या चिवटपणावर आणि लाकडाच्या भुशावर भिस्त ठेवून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यानं 1833 मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ पाठवला होता! निघताना तो 180 टन होता. चार महिने समुद्रावर, त्यात दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, तरी सुमारे 100 टन शिल्लक राहिला. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला.

मी वर्गात याचा प्रयोग केला होता. बर्फाचा एक खडा बशीत उघडा ठेवला आणि दुसरा लोकरीच्या मोज्यात. आधी मोज्यातलाच वितळला! माझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग कळलं, मागच्या बाकावरचे दोघं ‘वितळला का बघू’ म्हणत मोजा आळीपाळीनं मुठीत दाबत होते. लोकरीतली हवा गेली दबून आणि वर हाताची उष्णता आयती मिळाली. तेव्हा तू करशील तर मोजा कोरडा घे, सैल ठेव आणि धीर धर.

ते जमलं की पुढचा प्रयोग. लाकडी पोळपाट आणि अल्युमिनियमची परात दिवसभर एकाच खोलीत राहू देत. दोन्हींना हात लावून बघ, परात जास्त गार लागेल. मग दोन्हींवर एकेक सारखा खडा ठेव. कुठला आधी वितळेल, यावर घरात पैज लाव आणि निकाल मला कळव. आजी कुणाच्या बाजूनं होती, तेही लिही.