वाचकांचे प्रश्न: फायब्रोमायल्जियाच्या गोळ्या घ्यायच्या का, किती दिवस, आणि थांबवायच्या कशा?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, मी सांगलीची, वय ४३. दोन-तीन वर्षं झाली सगळं अंग दुखतंय, मान, खांदे, कंबर, मांड्या, कुठेही दाबलं तरी कळ येते. सकाळी उठते तेव्हा रात्रभर कुणी बडवल्यासारखं वाटतं, झोप लागते पण झोपले असं वाटतच नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, त्यामुळे घरचे म्हणतात तुझ्या मनाचंच आहे सगळं. आता एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितला आणि सकाळी ड्युलॉक्सेटिन, रात्री प्रीगॅबालिन लिहून दिलं. मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची गोळी आहे, जाऊबाई म्हणाल्या सवय लागेल, म्हणून दोन्ही पाकिटं तशीच पडून आहेत आणि मी रोज एक डायक्लो घेऊन दिवस ढकलतेय. घेऊ का नको?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते रोजचं डायक्लो थांबवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या सुजेवर काम करतात आणि फायब्रोमायल्जियात सांध्यांना, स्नायूंना सूज नसतेच, त्यामुळे तुम्हाला त्यांचा फायदा जवळजवळ काही नाही. तोटा मात्र पूर्ण आहे, पोटात अल्सर, किडनीवर ताण, बीपी वाढणं, आणि रोज घेतल्यावर तो हळूहळू साठत जातो. शेवटची किडनी आणि हिमोग्लोबिनची तपासणी कधी केली होती तेही बघा, सहा महिने उलटले असतील तर करून घ्या.

आता रिपोर्ट नॉर्मल का येतात ते. दुखण्याची जाणीव मोजणारी आपली जी यंत्रणा आहे, मेंदू आणि मज्जारज्जूतली, ती या आजारात बिघडलेल्या वजनकाट्यासारखी वागते, पाव किलो ठेवलं तरी दोन किलो दाखवते, आणि तुम्हाला ते दोन किलोचंच दुखणं भोगावं लागतं. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये हा काटा दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे दुखणं खोटं असं अजिबात नाही, हे घरच्यांना वाचून दाखवा, माझ्या नावावर खपवा. फक्त थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि व्हिटॅमिन डी एवढं झालंय ना याची खात्री करा, आणि दुखणं चिकुनगुन्यानंतर सुरू झालं असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा कारण त्यात सांध्यांना खरी सूजही राहू शकते.

मेडिकलवाल्याने अर्धीच गोष्ट सांगितली. ड्युलॉक्सेटिन डिप्रेशनवर वापरतात हे खरं, पण मेंदूकडून खाली मज्जारज्जूत दुखणं दाबणारे जे संदेश येतात ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या दोन रसायनांवर चालतात, आणि ही गोळी तीच दोन वाढवते. डिप्रेशन अजिबात नसलेल्या लोकांमध्येही तिचा दुखण्यावर फायदा दिसलाय, म्हणून तर अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २००८ साली तिला फायब्रोमायल्जियासाठी वेगळी मान्यता दिली. प्रीगॅबालिनला त्याआधी २००७ मध्ये मिळाली होती. ते नसांच्या टोकांकडून दुखण्याचे संदेश कमी सोडायला लावतं आणि झोपही जरा सुधारतं, आणि तुमच्या पत्रातली झोपेची तक्रार वाचून मला वाटतं डॉक्टरांनी रात्री म्हणूनच दिलंय.

पण एक गोष्ट मी तुमच्याच डॉक्टरांना विचारायला सांगेन, दोन्ही एकाच दिवशी सुरू करायच्या का? कारण आठवड्याभरात चक्कर आली किंवा मळमळलं तर कुठल्या गोळीने झालं हे कुणालाच कळत नाही, मग पेशंट घाबरून दोन्ही फेकून देतो आणि म्हणतो मला औषधं सूटच होत नाहीत. एक आधी, ती पचली की दुसरी, हे जास्त बरं पडतं. ड्युलॉक्सेटिन बहुतेक वेळा ३० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ६० करतात, ६० च्या वर या आजारात जास्त फायदा मिळत नाही, त्रास मात्र वाढतो. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, तोंड कोरडं, घाम, हे होऊ शकतं, जेवणानंतर घेतली की बरंच कमी होतं, आणि बीपी मधून मधून मोजत रहा. लिव्हरचा आजार असेल तर ही गोळी नको. प्रीगॅबालिनने चक्कर, सुस्ती, पायावर सूज आणि वजन वाढणं होतं, त्यामुळे पहिले काही दिवस स्कूटी चालवू नका, आणि किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी लागतो, म्हणून वर तपासणी सांगितली.

जाऊबाईंच्या सवयीबद्दल. ड्युलॉक्सेटिनची नशेसारखी ओढ लागत नाही. प्रीगॅबालिनची गैरवापराची शक्यता आहे, विशेषतः आधी दारूची किंवा दुसऱ्या कशाची सवय असलेल्यांना, पण तुमच्यासारख्या ठरलेल्या डोसमध्ये घेणाऱ्या माणसाला ती फार कमी. मात्र दोन्ही गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत, गावाला गेलो आणि पाकीट घरी राहिलं असंही व्हायला नको, चक्कर, घाम, चिडचिड, झोप उडणं हे सगळं होतं आणि लोकांना वाटतं हीच सवय. कमी करायच्या त्या टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना विचारूनच.

फायदा किती होईल हे आधीच माहीत असलं की निराशा होत नाही. प्रीगॅबालिनच्या अभ्यासांचं एकत्र गणित केलं तर खोट्या (म्हणजे औषधच नसलेल्या) गोळीच्या तुलनेत दहातल्या साधारण एका जास्तीच्या माणसाचं दुखणं निम्म्यावर येतं. कमी वाटतं ना? कमीच आहे. पण ज्याला लागू पडतं त्याला झोप मिळते आणि झोप मिळाली की तो चालायला उठतो, आणि या आजारात खरा मोठा फायदा चालण्या-हलण्याचाच आहे. युरोपच्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळे उपचार तपासून शिफारशी केल्या तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाला मिळाली, गोळ्यांपैकी एकीलाही नाही. त्यामुळे गोळी घ्यायची ती तुम्हाला घराबाहेर काढण्यासाठी. पाच मिनिटं चाला, दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर पुढच्या आठवड्यात सात मिनिटं, बरं वाटलं म्हणून एकदम तासभर नको कारण मग दोन दिवस अंथरूण धरावं लागतं. योग्य डोसवर दोन-तीन महिने द्या, वहीत झोप आणि दिवसभर काय काय करता आलं एवढंच लिहा, आणि तेव्हाही काही फरक नसेल तर ती गोळी चालू ठेवण्यात अर्थ नाही, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अजून एक स्वस्त जुनी गोळी आहे, ॲमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅमने सुरू करून रात्री घेतात, अनेकांना झोपेसाठी चांगली पडते, पण काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना नाही आणि ड्युलॉक्सेटिनसोबत आपल्या मनाने तर नाहीच.

प्रश्न: माझ्या बायकोला, वय ६२, खांदे आणि मांड्या आखडतात, सकाळी तास-दीड तास तर पलंगावरून उठताच येत नाही. फायब्रोमायल्जिया म्हणून गावातल्या डॉक्टरांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि काय सांगू, दोन दिवसांत ती एकदम ठणठणीत, पंधरा दिवसांनी परत तेच. दर पंधरा दिवसांनी घेत राहिलं तर चालेल का? सोबत ट्रॅमाडॉल पण आहे. (जि. बीड)

उत्तर: नाही चालणार, आणि भाऊ, मला इथे निदानच तपासून घ्यावंसं वाटतं. फायब्रोमायल्जियात स्टिरॉइडने असा फरक पडत नाही. पन्नाशीनंतर खांदे-मांड्या आखडणं, सकाळचा लांबलेला जखडलेपणा आणि स्टिरॉइडने दोन दिवसांत आराम, हे वर्णन पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका नावाच्या वेगळ्या आजाराशी जुळतं, त्यात ईएसआर आणि सीआरपी बहुतेक वाढलेले असतात आणि उपचार मोजून-मापून तोंडाने स्टिरॉइड देऊन महिनोन्‌महिने चालतो, असे मधूनमधून इंजेक्शन घेऊन नाही. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी या दोन तपासण्या करा आणि संधिवात तज्ज्ञांना दाखवा. नव्याने डोकं दुखायला लागलं, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्या, डोळा जाऊ शकतो.

ट्रॅमाडॉल अफूच्या जातीतलं औषध आहे, २०१८ पासून आपल्याकडे अंमली पदार्थांच्या कायद्यात आलंय. ते ड्युलॉक्सेटिनसारख्या गोळ्यांसोबत घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं, म्हणून सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मी मूळची पुण्याची, लग्नानंतर यूकेत, वय ३३. पुण्याच्या डॉक्टरांनी प्रीगॅबालिन चालू केलं होतं, इथला जीपी (नेहमीचा फॅमिली डॉक्टर) म्हणतो मी हे फायब्रोमायल्जियासाठी लिहून देणार नाही. तिथे योग्य आणि इथे अयोग्य, असं कसं? आणि आम्ही आता बाळाचा विचार करतोय.

उत्तर: दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एफडीएने मान्यता दिली, युरोपच्या नियामकाने याच आजारासाठी नाकारली कारण त्यांना फायदा पुरेसा वाटला नाही. यूकेत २०१९ पासून हे नियंत्रित औषध आहे आणि २०२१ च्या नाइसच्या (उपचार कसे करावेत हे ठरवून देणारी तिथली संस्था) मार्गदर्शनात लिहिलंय की अशा दीर्घकाळच्या वेदनेत ते नव्याने सुरू करू नये, ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिनचा विचार करावा. तुमचं आधीपासून चालू आहे, म्हणून ‘नव्याने नको, पण हे हळूहळू कमी कसं करायचं’ असं जीपीला विचारा. बाळाच्या दृष्टीनेही हे लवकर करा, तिथल्या औषध नियामकाने २०२२ मध्ये सांगितलंय की पहिल्या तीन महिन्यांत प्रीगॅबालिनने बाळात जन्मजात दोषाची शक्यता थोडी वाढते. औषध आणि प्लॅनिंग दोन्ही एकाच भेटीत बोला, गर्भनिरोधक बंद करण्याआधी. पुण्याहून कुणाकडून पाकिटं मागवू नका.

प्रश्न: प्रीगॅबालिनसोबत मिथाइलकोबालामिन असलेली गोळी चांगली का साधी? आणि यूट्यूबवर लो डोस नॅल्ट्रेक्सोनबद्दल फार सांगतात. (ठाणे)

उत्तर: मिथाइलकोबालामिन म्हणजे बी१२. शाकाहारी लोकांत बी१२ कमी असणं कॉमन आहे, तपासून कमी निघालं तर भरून काढा, पण नॉर्मल असेल तर फायब्रोमायल्जियाचं दुखणं त्याने कमी होत नाही. शिवाय जोडगोळीत प्रीगॅबालिनचा डोस हळूहळू वाढवायला किंवा कमी करायला अडचण होते, मी साधीच निवडेन. नॅल्ट्रेक्सोनवर डेन्मार्कमध्ये नीट चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला, ६ मिलिग्रॅमने बारा आठवड्यांत दुखणं खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय कमी झालं नाही. आणि ट्रॅमाडॉल घेणाऱ्याने तर ते चुकूनही घेऊ नये, ते अफूच्या औषधांचा परिणाम तोडतं आणि माणसाला एकदम त्रास सुरू होतो.