एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय कसा?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. निर्दोष येशूने इतरांच्या पापांची शिक्षा भोगली यात न्याय कोणता, आणि चर्चमध्ये कबुली दिली की ख्रिस्ती माणूस पुन्हा वाटेल ते करायला मोकळा होतो का. मी ठाण्यातला कॅथलिक आहे, धर्मपंडित नाही. तरीही ऑफिसात आणि सोसायटीत हेच प्रश्न वारंवार ऐकत आल्यामुळे उत्तर देण्याचे धाडस करतो.

आपला पहिला आक्षेप बायबलमध्येच नोंदलेला आहे. मुलाने बापाच्या पापाचा भार वाहू नये आणि बापाने मुलाच्या, असे यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे रागावलेल्या देवाने आपला राग शांत करण्यासाठी भलत्याच माणसाला धरून मारले, असा क्रुसाचा अर्थ कोणी लावत असेल, तर तो ख्रिस्ती श्रद्धेलाही धरून नाही. येशू हा देव आणि माणूस यांच्यामधला त्रयस्थ नव्हे. तो मनुष्य झालेला देवच आहे, असे चर्च इ.स. 325 मध्ये नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेपासून अधिकृतपणे मानत आले आहे. जांभळी नाक्यावरच्या एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाची उधारी सोडून दिली, तरी ती रक्कम हवेत विरत नाही, दुकानदारालाच ती सोसावी लागते. क्षमा करणाऱ्याने स्वतः सोसणे, हाच क्रुसाच्या शिकवणुकीचा गाभा आहे असे मला वाटते.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेल्या दाखल्यात एका चाकरावर राजाचे 10,000 तलांत कर्ज आहे. एक तलांत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, हे लक्षात घेतले तर कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. ‘सर्व फेडीन’ हे चाकराचे आश्वासन किती पोकळ आहे ते यावरून कळते. राजा मुदत वाढवून देत नाही, सगळेच कर्ज सोडून देतो. पुढे तोच चाकर 100 दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा मात्र त्याला राजासमोर पुन्हा उभे राहावे लागते.

क्रुसावर नेमके काय घडले, याविषयी चर्चमध्ये एकच ठरीव उपपत्ती नाही. आरंभीच्या अनेक धर्मपित्यांनी, म्हणजे पहिल्या काही शतकांतल्या चर्चच्या शिक्षकांनी, त्यात मृत्यू आणि सैतान यांच्यावरचा विजय पाहिला. धर्मपंडित संत आन्सेल्म यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले की, पापाची भरपाई करण्याचे कर्तव्य माणसाचे होते, पण सामर्थ्य केवळ देवाचे होते, म्हणून ती देव-मनुष्यालाच करावी लागली. बाराव्या शतकातले धर्मपंडित आबेलार यांनी क्रुसावर दिसलेल्या प्रेमाच्या दर्शनाने पालटणाऱ्या माणसाच्या मनावर भर दिला. सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी येशूने माणसांऐवजी भोगलेल्या शिक्षेवर. ही शेवटची मांडणी चार ओळींच्या पत्रकात कोंबली की आपल्याला पडला तसा प्रश्न पडणारच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, येणाऱ्यांकडून नुसती यादी वाचून दाखवण्याची अपेक्षा नसते. केलेल्या पापाचे मनापासून दुःख, ते पुन्हा न करण्याचा निश्चय आणि शक्य तेवढी भरपाई हे सारे त्यात येते. फादरांनी पापमुक्ती दिली तरी चोरलेला माल परत करण्याची आणि बदनाम केलेल्याची अब्रू भरून देण्याची जबाबदारी उरते, असे 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. कोर्टाची शिक्षाही त्यामुळे टळत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूला घरी घेतल्यावर फसवून घेतलेल्याची चौपट परतफेड करण्याचे जाहीर केले, ते याच समजुतीने. प्रॉटेस्टंट बांधव पापांची कबुली मुख्यतः थेट देवाजवळ देतात आणि अशा परतफेडीला क्षमेची किंमत न मानता पश्चात्तापाचे फळ मानतात.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय, हे आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला येशू सांगतो. इथे उठून जायचे आहे ते अपराध्याने. आमच्यातले काही जण मात्र दुखावलेल्यालाच ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर’ म्हणून दटावतात, आणि अपराधी आपल्या बाकावर स्वस्थ बसून राहतो.