मोठी संख्या हातात आली की आधी काय करायचं?

एखादी संख्या न्यून, हर्षद अशा कोणकोणत्या प्रकारांत बसते हे शोधायला तुम्ही १४२८५७ निवडलीत, फार छान संख्या आहे. सगळे प्रकार एकदम तपासू नका. आधी मूळ अवयव पाडा, निम्मं काम तिथेच होतं.

अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने भाग जाणारच. २७ ने जातो का, हे मात्र भागूनच बघावं लागतं. इथे जातो, ५२९१ येतात. पुढे ११, १३, ३७. झालं: ३³ × ११ × १३ × ३७.

हमखास होणाऱ्या चुका:
- विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवायचं राहतं. ४×२×२×२ = ३२.
- विभाजकांच्या बेरजेत संख्या स्वतःच धरली जाते. ती वगळली की ११२५०३, म्हणजे संख्येपेक्षा कमी. म्हणून ही न्यून संख्या.

आता खरी मजा. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचे दोन प्रकार इथे जुळतात: हर्षद संख्या आणि कापरेकर संख्या. अंकांच्या बेरजेने, म्हणजे २७ ने, भाग जातो म्हणून हर्षद. आणि वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ + १२२४४९ करा, पुन्हा १४२८५७! म्हणून कापरेकर संख्या. कागदावर स्वतः करून बघाच. हे दोन्ही गुण दशमान लेखनामुळे येतात, अवयव तसे नसतात, तेव्हा अवयवांवरून ठरणारे प्रकार आणि अंकांवरून ठरणारे प्रकार अशा याद्या वेगळ्या ठेवा.