गोळी वरणगावची, रेंज कोणाची?

प्रश्न : आमचे पप्पा वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेत, ते म्हणतात लढाई जिंकतो दारूगोळा. मी म्हणतो आता इंटरनेट. जेवताना रोज वाजतं आमचं. युक्रेनमध्ये खरंच एका प्रायव्हेट कंपनीने लढाई फिरवली का?
(एक वाचक, वरणगाव)

उत्तर : पप्पांना सांगा, गोळी लागतेच, पण मारायची कुठे ते कळायला आता नेट लागतं. २४ फेब्रुवारी २०२२ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, त्याच्या तासभर आधी वायासॅट नावाच्या अमेरिकन कंपनीच्या उपग्रह नेटवर्कवर सायबर हल्ला झाला आणि हजारो मोडेम एका झटक्यात बाद, म्हणजे वर उपग्रह ठणठणीत आणि खाली डबे मेलेले. त्याच फटक्यात जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचं रिमोट कनेक्शन पण गेलं (साक्रीकडच्या पवनचक्क्या आठवा, म्हणजे अंदाज येईल काय पसारा असतो), त्या चक्क्यांचा लढाईशी काय संबंध, पण गेलं.

मग २६ तारखेला युक्रेनचे मंत्री फेदोरोव यांनी सरळ ट्विटरवर इलॉन मस्कला साकडं घातलं, काही तासांत त्याचं उत्तर आलं की स्टारलिंक (म्हणजे त्याच्या कंपनीचं उपग्रहावरून येणारं इंटरनेट, तुम्ही विचारलेली प्रायव्हेट कंपनी तीच) चालू केलंय, आणि २८ला डिशचा ट्रक हजर. आपल्याकडे एवढ्या वेळात साधा अर्ज आवक-जावकला चढत नाही. जुने उपग्रह साधारण ३६,००० किलोमीटरवर, स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर आणि हजारोंनी, त्यामुळे सिग्नलला वेळच लागत नाही. ड्रोनने वरून पाहिलं की तोफेजवळ बसलेल्याच्या टॅबवर लगेच दिसतं. एकट्या कंपनीने लढाई फिरवली असं मी म्हणणार नाही, ते जरा जास्तच होईल. पण ती नसती तर पहिल्याच महिन्यात युक्रेनचं सैन्य आंधळं-बहिरं झालं असतं असं मला वाटतं.

प्रश्न : उद्या त्या मालकाचं डोकं फिरलं आणि त्याने बटण बंद केलं तर?
(केळीवाला, रावेर)

उत्तर : भाऊ, तुम्हाला हे मी काय सांगू. मे महिन्यात आपली विहीर आटली की शेजारच्याच्या बोअरवरून पाईप ओढतो आपण, तो माणूस चांगला, पैसेही वाजवी घेतो, पण कॉक त्याच्या मळ्यात. त्याने चार दिवस फिरवला नाही तर बाग बसलीच.

तिथे तसंच झालं. सप्टेंबर २०२२मध्ये युक्रेनच्या पाण्यातल्या ड्रोन-होड्या रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियात सेवास्तोपोलच्या रशियन आरमारावर निघाल्या होत्या. तिथे कव्हरेज सुरू करा अशी विनंती आली आणि मस्कने ती नाकारली, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. लोक म्हणतात चालू असलेलं बंद केलं, तसं नाही, तिथे ते चालूच नव्हतं, त्याने चालू केलं नाही. फरक आहे, पण होड्यांना काय त्याचं! पुढच्याच महिन्यात म्हणाला महिन्याला दोन कोटी डॉलर खर्च येतो, मी कायम नाही करणार, मग म्हणाला बरं, करतो. शेवटी २०२३मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, रीतसर कंत्राट केलं, पोलंडही पैसे भरतो. गंमत बघा, १९६७च्या अंतराळ कराराप्रमाणे खाजगी कंपनीच्या अंतराळातल्या उद्योगांची जबाबदारी तिच्या देशाची असते, पण इथे निर्णय देश घेत होता की एक माणूस, हे कोणालाच सांगता येईना.

आणि डोकं फिरायलाच पाहिजे असंही नाही. २४ जुलै २०२५ला सॉफ्टवेअर बिघडलं आणि जगभर अडीच तास स्टारलिंक बंद, युक्रेनची अख्खी आघाडी त्यात आली. म्हणून तर चीन आणि युरोप आपापले उपग्रह उभे करतायत, प्रत्येकाला स्वतःची विहीर पाहिजे.

प्रश्न : मी मूळचा साक्रीचा, नोकरी धडगाव तालुक्यात. इथं टावर शे पन रेंज नही! नंदुरबारात स्टारलिंक येणार म्हणे, मग तो कॉक आपल्याकडेही दुसऱ्याच्याच हातात का?
(एक गुरुजी)

उत्तर : ५ नोव्हेंबर २०२५ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिवबरोबर नंदुरबारचंही नाव आहे. पण इरादापत्र म्हणजे सुपारी फुटली, हळद अजून लागायची आहे. केंद्राने जून २०२५मध्ये लायसन दिलं ते अटी घालून: गेटवे (उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर उतरतो ते केंद्र) भारतातच पाहिजे, डेटा इथेच पाहिजे, सीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात खास नजर. त्याला कारणही आहे, डिसेंबर २०२४मध्ये मणिपुरात शस्त्रांबरोबर स्टारलिंकचा लोगो असलेलं यंत्र सापडलं होतं, तेव्हा मस्क म्हणाला भारतावर आमच्या उपग्रहांचे बीम (सिग्नलचे झोत) बंद आहेत. गेटवे इथे असला की निदान एक कॉक आपल्या बांधावर येतो, वरची विहीर मात्र त्याचीच.

तोवर गुरुजी, हजेरीचा फोटो टेकडीवर चढूनच पाठवावा लागणार, जमल्यास सकाळी उन्हाच्या आत.