ऑफिसचं मेल आणि खिशातला एकच फोन

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : मोबाइल आणि कॉम्प्युटर
(दिवाळी २००८ची प्रश्नोत्तरं; किमती, फोन आणि सेवा सगळं त्या वेळचं)

प्रश्न : नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सेल्सला आहे. महिन्यातले निम्मे दिवस कोल्हापूर, सांगली, सोलापूर असं फिरतीवर असतो. कंपनी लॅपटॉप देत नाही, त्यामुळे मेल बघायला संध्याकाळी सायबर कॅफे शोधायचा. आता साहेब म्हणतात कस्टमरच्या मेलला तासाभरात उत्तर गेलं पाहिजे. बोनस धरून बजेट २५ हजार. मित्र म्हणतो आयफोन घे, मेव्हणा म्हणतो ब्लॅकबेरी, दुकानदार म्हणतो नोकिया ई७१. मला फोन, मेल, कॅलेंडर, कॅमेरा, नकाशा सगळं एकातच पाहिजे, दोन-दोन वस्तू सांभाळायचा कंटाळा आलाय. नंबर आयडियाचा आहे आणि तो बदलायचा नाही, सगळ्या कस्टमरकडे तोच आहे. काय घेऊ?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मित्र, मेव्हणा, दुकानदार, तिघांनी फोन सांगितला पण तुमच्या ऑफिसचं मेल कशावर चालतं हे एकानेही विचारलं नाही. आणि सगळं तिथेच अडतं. त्यामुळे दुकानात जायच्या आधी ऑफिसात जो कोणी कॉम्प्युटर बघतो त्याला गाठा, चहा पाजा, आणि एवढंच विचारा की आपलं मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर आहे, आयबीएमच्या लोटस नोट्सवर आहे, का वेबसाइटवाल्याने होस्टिंगबरोबर जे पाच-दहा मेलबॉक्स दिलेत ते वापरतोय.

एक्स्चेंज असेल आणि २००३ची सर्व्हिस पॅक २ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर तुमचं नशीब चांगलं. मेल सर्व्हरवर आलं की फोनवर आपोआप येऊन पडतं, त्याला पुश म्हणतात, शिवाय कॅलेंडर आणि ऑफिसचे कॉन्टॅक्टही त्याच्याबरोबर येतात. नोकियाच्या ई सिरीजला ह्यासाठी मेल फॉर एक्स्चेंज नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मोबाइलवर चालणाऱ्या फोनमध्ये ते आतच असतं, आणि आयफोनलाही जुलैत आलेल्या नव्या सॉफ्टवेअरपासून जमायला लागलंय. फक्त आयटीवाल्याने सर्व्हरवर परवानगी द्यायला हवी. ती तो देईल का हे फोन घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

लोटस नोट्स असेल तर ब्लॅकबेरीच सरळ रस्ता, पण त्यासाठी कंपनीला स्वतःचा ब्लॅकबेरी सर्व्हर बसवावा लागतो, लायसन्स घ्यावी लागतात. तुमच्या एकट्यासाठी कोणी ते करणार नाही हे उघड आहे.

आणि तिसरा प्रकार, होस्टिंगवाला मेलबॉक्स, म्हणजे बहुधा पॉप, सर्व्हरवरचं मेल आपल्या मशीनवर ओढून घ्यायची पद्धत. आपल्याकडच्या मध्यम आणि छोट्या कंपन्यांत बहुतेक हेच असतं, आणि लोक फसतात ते इथेच. ऑफिसातल्या तुमच्या टेबलावरचा पीसी दिवसभर चालू, त्यात आउटलुक उघडं, ते दर पाच-दहा मिनिटांनी सर्व्हरवरचं मेल ओढून घेतं आणि सर्व्हरवरून पुसून टाकतं. मग तुम्ही सांगलीत बसून पंचवीस हजाराच्या फोनवर मेल चेक करता आणि इनबॉक्स रिकामा! फोनमध्ये काही बिघाड नसतो, मेल भोसरीतल्या पीसीत जाऊन बसलेलं असतं. उपाय सोपा आहे, आउटलुकच्या अकाउंट सेटिंगमध्ये मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा असा पर्याय असतो, तिथे टिक करायची आणि आठ-दहा दिवसांनी पुसा असं सांगायचं, नाहीतर मेलबॉक्स भरून नवीन मेल परत जायला लागतील. होस्टिंगवाला आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत, देत असेल तर ते घ्या, म्हणजे फोनवर वाचलेलं मेल ऑफिसातही वाचलेलं दिसेल.

आता तुमच्या तीन उमेदवारांकडे येऊ.

आयफोन थ्रीजी ऑगस्टच्या २२ तारखेला भारतात आला, ८ जीबीचा ३१ हजार, १६ जीबीचा ३६,१००. म्हणजे बजेटच्या बाहेर. पण पैसे असते तरी तुम्हाला घ्या म्हटलं नसतं, कारण तो फक्त एअरटेल आणि व्होडाफोन विकतात आणि त्यांच्याच सिमवर चालतो, आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे अजून नाही. त्यात कॉपी-पेस्ट नाही, एसएमएस फॉरवर्ड होत नाही, बॅटरी काढता येत नाही. थ्रीजीचे जास्तीचे पैसे द्यायचे तर आपल्याकडे थ्रीजी आहे कुठे? वेबसाइट मात्र त्याच्यावर इतक्या झकास दिसतात की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. म्हणून दुकानात हातात घेऊच नका.

ब्लॅकबेरीबद्दल मेव्हणा चूक नाही. मेल लिहायला त्यासारखा कीबोर्ड नाही, आणि मेल त्यांच्या सर्व्हरवरून लहान होऊन येतं, त्यामुळे एज किंवा साध्या जीपीआरएससारख्या हळू मोबाइल इंटरनेटवरही पटकन उतरतं, पीडीएफ किंवा एक्सेल अख्खी डाउनलोड न करता उघडून बघता येते. स्वतःचा सर्व्हर नसलेल्यांसाठी मोबाइल कंपनीकडून वेगळा प्लॅन मिळतो, त्यात दहापर्यंत मेल अकाउंट जोडता येतात. अडचण अशी की हा ब्लॅकबेरीचा खास प्लॅनच लागतो, साधा जीपीआरएस पॅक टाकून भागत नाही, आणि तो सगळ्या मोबाइल कंपन्या देत नाहीत. दर महिन्याचा खर्च धरूनच हिशोब करा. शिवाय ब्लॅकबेरीच्या कर्व्ह मॉडेलमध्ये ८३१० घेतला तर जीपीएस आहे पण वायफाय नाही, ८३२० घेतला तर वायफाय आहे पण जीपीएस नाही, असा तिढा. एकातच सगळं पाहिजे म्हणणाऱ्या माणसाने काय करायचं? दोन्ही पाहिजे तर ब्लॅकबेरीचाच बोल्ड, तो ३५ हजाराच्या घरात.

सरकार ब्लॅकबेरी बंद करणार का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. मेल कॅनडातल्या सर्व्हरमधून कुलूपबंद होऊन जातं आणि आपल्या सुरक्षा यंत्रणांना वाचता येत नाही, म्हणून ह्या वर्षी वाद पेटला. सेवा आजही चालू आहे. एवढ्या भीतीपोटी कोणी घ्यायचा थांबू नये असं माझं मत.

राहिला ई७१. दुकानदार कमिशनसाठी सांगत असेल, असू दे, ह्यावेळी तो बरोबर आहे. पूर्ण कीबोर्ड, वायफाय, जीपीएस, थ्रीजी येईल तेव्हा थ्रीजी, आणि जाडी जेमतेम १० मिलिमीटर. पॉप, आयमॅप, एक्स्चेंज तिन्ही चालतं, कुठल्याही कंपनीचं सिम चालतं. क्विकऑफिस आत आहे, त्यामुळे कोटेशनच्या एक्सेलमधला एक आकडा बसमध्ये बसून बदलून पाठवता येतो. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, ऑटोफोकसवाला. फोटो काही ग्रेट येत नाहीत, पण पंपाच्या नेमप्लेटवरचा सिरीयल नंबर वाचता येईल असा फोटो काढून सर्व्हिसवाल्याला मेल करणं हे तुमचं रोजचं काम, आणि ते आयफोन किंवा कर्व्हच्या फिक्स फोकसवर धड होत नाही. बॅटरी १५०० एमएएचची आहे, मेल चालू ठेवूनही दीड दिवस आरामात, आणि चार्जर नोकियाचा पातळ पिनचा, म्हणजे विसरलात तर कुठल्याही लॉजच्या काउंटरवर मागितला की मिळतो. हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही पण फिरतीवाल्याला ह्याचीच किंमत.

तक्रारीही सांगतो. स्क्रीन लहान, २.३६ इंच. हेडफोनची पिन २.५ मिलिमीटरची, घरातला कुठलाच हेडफोन बसत नाही. यूएसबीने चार्ज होत नाही. नकाशे आहेत पण बोलून रस्ता सांगणारी सेवा पैसे भरून घ्यावी लागते, आणि एमआयडीसीतला प्लॉट शोधायला शेवटी टपरीवरच विचारावं लागणार आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधलं मराठी पत्र कोणी वर्डमध्ये पाठवलं तर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल, पण ते सगळ्याच फोनवर तसंच दिसतं.

विंडोज मोबाइलवाले एचटीसी मी मुद्दाम बाजूला ठेवलेत. आउटलुकशी त्यांचं जमतं हे खरं, पण एका हातात बॅग असताना काडीने टोचत मेल लिहायचं आणि मध्येच फोन रीस्टार्ट करायचा, हे फिरतीच्या माणसाला नको.

शेवटचं आणि जरा गंभीर. एक्स्चेंजवर असाल तर ऑफिसला तुमचा फोन लांबून पूर्ण पुसता येतो. फोन हरवला तर ही सोय चांगलीच, पण नोकरी सोडताना आयटीवाल्याने बटण दाबलं तर तुमचे खासगी नंबर आणि मुलांचे फोटोही जातील. फोन तुमच्या बोनसचा आहे, तेव्हा पीसीवर बॅकअप तुम्हीच घेत जा, आणि साहेबांना तासाभरात उत्तर हवं असेल तर निदान जीपीआरएसचं बिल कंपनीने द्यावं असं आत्ताच बोलून ठेवा.

प्रश्न : माझ्या फोनवर वेबसाइट दिसतात पण मेल येत नाही. कस्टमर केअर म्हणतं जीपीआरएस चालू आहे. मेलबॉक्सची सेटिंग तीनदा तपासली. फोन खराब आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नसणार. जीपीआरएसचे दोन रस्ते असतात, एक फक्त गाणी, वॉलपेपर आणि वॅप पानांसाठी (मोबाइलसाठी बनवलेली साधी वेबपानं), दुसरा पूर्ण इंटरनेटचा. एअरटेलमध्ये एअरटेल लाइव्ह आणि मोबाइल ऑफिस, व्होडाफोनमध्ये व्होडाफोन लाइव्ह आणि मोबाइल कनेक्ट. तुमचं मेल बहुतेक पहिल्या रस्त्यावर लावलेलं आहे आणि तिथून पॉप जात नाही. दुसरा प्लॅन चालू करून घ्या, सेटिंगचा एसएमएस मागवा, आणि मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट तो निवडा. दोन्ही प्लॅनचं बिल वेगळं लागतं हे कस्टमर केअर आपणहून सांगत नाही.

प्रश्न : माझं पणजीला छोटं गेस्टहाउस आहे, बुकिंगची चौकशी सगळी जीमेलवर येते. त्यासाठी वीस हजाराचा फोन घ्यायलाच हवा का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : अजिबात नको. जावा चालणारा आणि जीपीआरएस असलेला साधा फोन घ्या आणि गूगलचं जीमेलचं जावा अ‍ॅप्लिकेशन टाका, ते फुकट आहे. मेल आपोआप येऊन पडणार नाही, तुम्हाला उघडून बघावं लागेल, पण रूम आहे की नाही एवढं लिहायला नंबरवाला कीपॅड पुरतो. उरलेल्या पैशात गेस्टहाउसला वायफाय बसवा, फॉरेनर गिऱ्हाईक हल्ली खोलीत टीव्ही आहे का विचारण्याआधी तेच विचारतं.

प्रश्न : मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये वापरलेली ब्लॅकबेरी निम्म्या किमतीत मिळतेय, दुबईहून आलेली आहे म्हणतात. घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बिल आणि वॉरंटी मिळणार नाही हे गृहीत धरा. तरी घ्यायचीच असेल तर दुकानातच स्वतःचं सिम टाकून एक कॉल करा, कारण परदेशी कंपनीला लॉक केलेले हँडसेट इथे सर्रास येतात. *#०६# दाबून आलेला नंबर बॅटरीखालच्या स्टिकरशी जुळतो का बघा. आणि आधीच्या मालकाने तो हँडसेट आपल्या मेल अकाउंटमधून सोडवलेला नसेल तर तुमच्या नावावर मेल सुरू करताना अडचण येते, तेव्हा प्लॅन चालू होऊन एक टेस्ट मेल येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. दुकानदार एवढ्याला तयार नसेल तर सोडून द्या.

प्रश्न : ह्यांना ऑफिसने मेलवाला नोकिया दिलाय. रात्री जेवताना, अकरा वाजता, रविवारी, सारखा टुंग करून वाजतो. बंद करा म्हटलं तर म्हणतात घरचे फोन कसे येतील. काही सेटिंग असते का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : असते, आणि ह्यांना ती माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. मेल फॉर एक्स्चेंजमध्ये कामाचे दिवस आणि कामाच्या वेळा ठरवता येतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मेल लगेच यावं आणि बाकीच्या वेळेत हाताने मागवलं तरच यावं, असं लावून ठेवा. कॉल आणि एसएमएस नेहमीसारखे येत राहतात. ई७१ असेल तर होम स्क्रीनही दोन ठेवता येतात, एक ऑफिसची, एक घरची, घरचीवरून मेलचा बॉक्स काढून टाका. पासवर्ड ह्यांचाच राहू द्या, वेळा मात्र तुम्ही टाका.