विचारू नकोस, सांग

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मोबाइलवर एवढं टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागदावर लिहितेय.

तुला उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचंय. आरडीचे पैसे जमलेत, तब्येत ठणठणीत आहे, साताऱ्याच्या पावसात वाढलेली आहेस. तरी तू आईला विचारलंस, ती म्हणाली दिवाळीनंतर जा. वडिलांना विचारलंस, ते म्हणाले लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा. दादा म्हणाला तिकडे दरडी कोसळतात. आत्या म्हणाली, फुलंच बघायचीत तर आपलं कास काय वाईट आहे? आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी मला लिहिलंस, "बाई, जाऊ का?"

मी हो म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही. माझं "हो" मिळालं की ते घेऊन तू आईकडे जाशील आणि "बाईसुद्धा हो म्हणाल्या" असं सांगशील. म्हणजे जाणार तू, आणि निर्णय माझ्या नावावर. ते मला चालणार नाही. तुझा निर्णय तुझ्याच नावावर राहू दे.

माझं एकच म्हणणं आहे: विचारू नकोस, सांग.

"आई, ऑगस्टमध्ये जाऊ का?" असं विचारलंस की आईला उत्तर द्यावंच लागतं, आणि काळजी करणारं माणूस उत्तर देताना नेहमी "नको"च्या बाजूला झुकतं. त्यात तिची चूक नाही, तू तिला तसं कोड्यात टाकतेस. त्याऐवजी असं बोलून बघ: "आई, मी आठ ऑगस्टला निघतेय. ही तिकिटं, हा रस्ता, हा राहायच्या जागेचा फोन नंबर." आता तिला परवानगी द्यायची नाहीये, फक्त काळजी करायची आहे. ती करेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. पण मग बॅग भरायला तीच बसेल.

सांगणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. सांगायला तयारी लागते. विचारणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही, म्हणून तर विचारणं सोपं वाटतं. (ऑफिसची रजा तेवढी विचारूनच घ्यायची. तिथे अर्ज लागतो, आणि तो आत्ताच टाक.)

आता एकेकाचं बोलणं घेऊ. दिवाळीनंतर? अगं, ती दरी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, दिवाळी नोव्हेंबरात आहे. दिवाळीनंतर गेलीस तर फाटकाला कुलूप. फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टचा, ऐन पावसातला. आपल्याकडे नेमकी तेव्हा व्रतवैकल्यं आणि पाहुणेरावळे असतात, म्हणून आपल्या बायका तिथे पोचतच नाहीत. यंदा मात्र गणपती १४ सप्टेंबरला आहेत. ऑगस्ट तुझ्यासाठी मोकळा पडलाय आणि तू लोकांची मतं गोळा करत बसलीस!

कासचं म्हणशील तर कास मला प्राणाहून प्रिय आहे. कितीतरी वर्गांना मी ते पठार दाखवलंय. आत्याला सांग की घांघरिया गावाच्या वरच्या त्या दरीत जो गुलाबी फुलांचा समुद्र दिसतो, तो तेरड्याचाच. कासच्या तेरड्याच्याच कुळातला. फक्त आपला तेरडा वाकून बघावा लागतो आणि तिथला छातीपर्यंत येतो. पाऊलवाटेवर दोन्हीकडून भिजलेली झाडं अंगाला घासतात, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फट्कन फुटून बी हातावर उडतं, अगदी आपल्या परसातल्यासारखं. तिथे उभी राहून मला पहिल्यांदा कळलं की मी वर्षानुवर्षं शिकवत आलेली सह्याद्री आणि हिमालय ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. हे कासला बसून कळलं नसतं. आत्याला राग आला तर येऊ दे.

दादाचं मात्र नीट ऐक. तो सांगतोय ते खरं आहे. ऋषिकेशपासून बद्रीनाथचा रस्ता पावसाळ्यात दरडींनी अडतो, कधी काही तास, कधी दिवसभर. त्या दरीतच एक थडगं आहे, मार्गारेट लेग या इंग्रज बाईचं. १९३९ साली वनस्पती गोळा करताना ती कड्यावरून घसरून गेली. नंतर तिच्या बहिणीने येऊन तिथे शिळा बसवली. मी त्या शिळेपाशी बराच वेळ बसले होते. तेव्हा धोका नाही असं मी कुणालाच सांगणार नाही. पण दरड कोसळते याचं उत्तर "जाऊ नकोस" असं नसतं, "दोन दिवस जास्तीचे ठेव" असं असतं. दादाला म्हणावं, तुझी माहिती घेतली, दोन दिवस वाढवले. माहिती सगळ्यांकडून घे, परवानगी कुणाकडून नको.

नवऱ्याबरोबर जा, यावर मी काय बोलू! जो अजून ठरलाही नाही त्याच्या आवडीनिवडीवर तू तुझा ऑगस्ट राखून ठेवणार? १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे कलकत्त्याजवळच्या, अठराव्या वर्षात असलेली आनंदीबाई जोशी भर सभेत उभी राहिली. अमेरिकेला का जातेस, एकटीच का जातेस, जातीबाहेर टाकलं तर काय करशील, या एकेका प्रश्नाला तिने उत्तर दिलं. गोपाळराव पाठीशी होते हे खरं. पण एप्रिलमध्ये बोटीवर चढताना ते बरोबर नव्हते. तिने त्या सभेत कारणं सांगितली, जाऊ का असं विचारलं नाही. आणि तुला हरिद्वारची बस पकडायला नवरा हवा?

मी गेले ते १९९५ च्या ऑगस्टमध्ये. मुलगी दहावीत होती. ह्यांना आणि सासूबाईंना मी एका संध्याकाळी सांगितलं: बिनपगारी रजा मंजूर झालीय, मैत्रिणीबरोबर जातेय, गौरी-गणपतीच्या आत परत येते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी मात्र दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लसणीची कोरडी चटणी बांधून माझ्या पिशवीत त्यांनीच ठेवली. नणंदेने मात्र ते कधी विसरू दिलं नाही. "पोरगी दहावीला आणि आई डोंगरात." अगं, परीक्षा मार्चमध्ये होती! वडील घरात, आजी घरात, शिकवणीच्या बाई गल्लीत. मुलगी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, "मला तेव्हा तू हवी होतीस." ते लागलं मला, अजून लागतं. तरी तोच ऑगस्ट पुन्हा समोर आला तर मी पुन्हा जाईन. घरात रोज कुढणारी आई तिला मिळाली असती, त्यापेक्षा पंधरा दिवस नसलेली बरी. हे मी तिलाही सांगितलंय. तिला पटलंय की नाही, माहीत नाही. तू लिहिलंयस ना, "मला आनंद हवाय म्हणजे मी स्वार्थी का?" त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, आणि ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

"पुढच्या वर्षी" हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, त्याचंही कारण ऐक. कैलास-मानसरोवर माझ्या मनात कायम होतं. निवृत्तीनंतर जायचं ठरलं, तेव्हा ह्यांचं आजारपण सुरू झालं. ते मी केलं, करायलाच हवं होतं. २०१९ मध्ये ते गेले. २०२० ला अर्ज करणार होते, तर यात्राच बंद झाली. ती उघडली २०२५ ला. सरकारी यात्रेला वयाची अट आहे, त्या वर्षीच्या १ जानेवारीला सत्तरच्या वर नको. मी एकाहत्तर पूर्ण. यात दोष कुणाचा नाही. पण दार आपल्यासाठी उघडं राहतं असं मला कुणी सांगू नये.

बरं, कामाचं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे ८ ऑगस्टसाठी ९ जूनला. सकाळी आठला तयार राहा. पुण्याहून दिल्ली, तिथून हरिद्वार. हरिद्वारहून जोशीमठची बस पहाटे सुटते, तीच धर, कारण दिवस सगळा रस्त्यातच जातो. खिडकी मिळाली तर झोपू नकोस, देवप्रयागपासून एकेक संगम येत जातो, नकाशावर तुम्हाला दाखवायचे तेच. गोविंदघाटहून पुलनापर्यंत आता जीप जाते, आमच्या वेळी तेही चालावं लागे. पुढे घांघरियापर्यंत पायी. दरीत रात्री राहू देत नाहीत, सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं. दुसऱ्या दिवशी हेमकुंडच्या गुरुद्वाऱ्याची चढण आहे, ती छातीवरची आहे, हळू चढ. ब्रह्मकमळ वरच दिसेल.

छत्री नेऊ नकोस, रेनकोट ने. बूट याच आठवड्यात घे आणि रोज पतसंस्थेत घालून जा. नवे बूट तिथे घातलेस तर घांघरिया यायच्या आधीच टाचा सोलून निघतील.

तिकीट काढलंस की कळव.

तुझ्या बाई